गवंड्याची मुलगी, पण आई काय करत होती?

ग्लेंडा जॅक्सन १५ जून २०२३ रोजी लंडनमध्ये गेली. वय ८७. इंग्लंडच्या रंगभूमीवरची आणि पडद्यावरची फार मोठी नटी. अभिनयासाठी दोन ऑस्कर मिळवलेली, आणि नाव, काम, पैसा सगळं हाती असताना ते बाजूला ठेवून तेवीस वर्षं मजूर पक्षाची खासदार राहिलेली बाई. तिच्यावर जे मृत्युलेख आले त्यांत एक वाक्य ठरून गेल्यासारखं होतं: 'गवंड्याची मुलगी'. कुठून कुठे पोचली बघा, असा त्यामागचा सूर. दुसरं ठरलेलं वाक्य असं, की ती फटकळ होती, मार्गारेट थॅचर मेल्यावरसुद्धा तिने जीभ आवरली नाही.

दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण ती जोडून जी गोष्ट सांगितली जाते ती खोटी आहे. एका गुणी, जिद्दी मुलीने गरिबीवर मात केली आणि पुढे दुसऱ्या एका जिद्दी बाईचा उगाच द्वेष केला, अशी ती गोष्ट. आपल्या संघटनांमध्येही अशा गोष्टी आवडीने सांगितल्या जातात. महिला दिनाच्या भाषणांत, प्रेरणेच्या नावाखाली. म्हणून या गोष्टीची जरा चिरफाड करू या.

सुरुवात घरापासून. बाप हॅरी जॅक्सन, गवंडी. आई जोन. ती काय करत होती? समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला कुटुंबाची माहिती कशी नोंदवायची ते शिकवतात. छापील फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना असतो. आईचा असलाच तर त्यात 'गृहिणी' लिहून पुढे सरकायचं, ही रीत. जोन जॅक्सनने दुकानात काम केलं, पबमध्ये गिऱ्हाइकांना बिअर भरून दिली, दुसऱ्यांच्या घरांची झाडलोट केली. आणि हे करून चार मुली वाढवल्या. त्यांतली थोरली ग्लेंडा, जन्म ९ मे १९३६, लिव्हरपूलसमोर मर्सी नदीच्या पलीकडच्या तीरावरच्या बर्कनहेड गावात. मुलीचं नाव ठेवलं ते हॉलिवुडच्या ग्लेंडा फॅरेल या नटीवरून. बापाची एक वीट दुसऱ्या विटेवर बसलेली दिसते, भिंत उभी राहते, म्हणून त्याचा धंदा चरित्रात येतो. आईने पुसलेली फरशी दुसऱ्या दिवशी पुन्हा मळते, म्हणून ती चरित्रातून पुसली जाते. तीन-तीन कामं करणाऱ्या बाईची मुलगी मोठी झाली तरी ती 'गवंड्याचीच' मुलगी राहते.

ग्लेंडा तीन वर्षांची असताना दुसरं महायुद्ध सुरू झालं. बाप नौदलात गेला. बर्कनहेडला जहाजबांधणीचा मोठा कारखाना, समोर लिव्हरपूलची गोदी. १९४० आणि ४१ मध्ये या सगळ्या पट्ट्यावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. जॅक्सन कुटुंब तिथून काही मैलांवरच्या हॉयलेकला राहत होतं. त्या वर्षांत ग्लेंडाने आजूबाजूला पाहिल्या त्या बायका. आई, आजी, शेजारणी. कारखान्यात जाणाऱ्या, बस चालवणाऱ्या, आगी विझवणाऱ्या, आणि शिवाय घर सांभाळणाऱ्या. 'बाईला हे जमायचं नाही' असं म्हणायला तेव्हा कोणाला सवड नव्हती. युद्ध संपलं, पुरुष परतले, आणि तेच जमणारं काम एका रात्रीत न जमणारं झालं. सरकारने युद्धकाळात उघडलेली पाळणाघरं एकामागून एक बंद झाली. बायकांना सांगण्यात आलं, आता घरी जा. जोनसारख्या बायका घरी गेल्या नाहीत, कारण त्यांना घरी बसणं परवडणारच नव्हतं. फक्त त्यांचं काम पुन्हा हिशेबाबाहेर गेलं.

आता 'जिद्दी'चं बघू. ग्लेंडा जिद्दी होती यात शंका नाही. पण बर्कनहेडमध्ये आणि हॉयलेकमध्ये जिद्दी मुली तिच्या आधीच्या पिढीतही होत्या. त्यांचं काय झालं? त्या लोकांच्या घरी कामाला गेल्या. ग्लेंडाच्या पिढीला वेगळं काय मिळालं ते नीट मोजलं पाहिजे.

१९४४ च्या शिक्षण कायद्याने सरकारी माध्यमिक शाळांची फी गेली. म्हणून गवंड्याची आणि कामवालीची मुलगी वेस्ट कर्बीच्या मुलींच्या ग्रामर स्कूलमध्ये जाऊ शकली. (अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांना दोन वाटांना लावणारी ती पद्धत अन्यायाचीच होती, बहुतेक कामकऱ्यांची मुलं दुय्यम शाळांत ढकलली जात. पण दार पूर्वी पूर्ण बंद होतं, ते किलकिलं झालं.) १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि डॉक्टरच्या बिलाची धास्ती गेली.

आणि १९४६ साली कुटुंब भत्ता सुरू झाला. याची हकिगत आपण मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. एलेनर रॅथबोन ही बाई मूळ लिव्हरपूलचीच कार्यकर्ती, पुढे अपक्ष खासदार. मुलं वाढवणं हेही काम आहे, त्याचे पैसे आईच्या हातात पडले पाहिजेत, असं तिने पंचवीसहून अधिक वर्षं मांडलं. शेवटी सरकारने विधेयक आणलं ते असं, की भत्ता बापाच्या नावे! रॅथबोन आणि बायकांच्या संघटना अडून बसल्या आणि तो शब्द बदलून घेतला. १९४५ चा कायदा झाला: पहिलं मूल सोडून पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग, आणि ते आईला. रॅथबोन १९४६ च्या जानेवारीत वारली. पहिला भत्ता वाटला गेला त्या ऑगस्टमध्ये. तिला तो दिवस दिसला नाही. तिच्या या पाच शिलिंगांशिवाय कामकऱ्यांच्या घरातल्या थोरल्या मुलींचं काय होतं? त्यांना शाळेतून काढून धाकट्यांना सांभाळायला बसवतात. हे आपल्याला कोणी सांगायला नको.

सोळाव्या वर्षी ग्लेंडाने शाळा सोडली आणि बूट्स या औषधांच्या दुकानात दोन वर्षं काउंटरवर उभी राहिली. गावातल्या हौशी मंडळींत नाटकं करू लागली. १९५४ साली लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. फी भरून शिकणं तिच्या घराच्या आवाक्यातलं नव्हतं. शिक्षण संपताना संस्थेच्या प्रमुखाने तिला सांगितलं, की तू चरित्र अभिनेत्री आहेस, चाळिशीच्या आत फारशा कामाची अपेक्षा धरू नकोस. म्हणजे काय? तर तू नायिकेसारखी दिसत नाहीस. चाळीस वर्षांपर्यंत बाईने 'दिसायचं' असतं, अभिनय त्यानंतर. पुढची कितीतरी वर्षं तिने गावोगावच्या नाटक कंपन्यांत पडेल ती भूमिका केली आणि मधल्या बेकारीत हॉटेलात वाढण्याचं, दुकानात विकण्याचं काम केलं. १९५८ साली रॉय हॉजेसशी लग्न झालं. तोही नाटकवालाच, दोघांचंही उत्पन्न बेभरवशाचं. १९६४ साली पीटर ब्रुकने तिला रॉयल शेक्सपिअर कंपनीत घेतलं आणि 'मारा/साद' नाटकातल्या शार्लोट कोर्देच्या भूमिकेने तिचं नाव झालं. ही कंपनीसुद्धा सरकारी अनुदानावर चालणारी. नाटकाला तिकीटविक्रीच्या धाकाबाहेर ठेवणारा पैसा होता, म्हणून असे प्रयोग झाले आणि असे चेहरे रंगमंचावर आले.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. 'विमेन इन लव्ह'साठी ऑस्कर, 'अ टच ऑफ क्लास'साठी दुसरं. दोन्ही वेळा ती समारंभाला गेली नाही. १९७१ साली बीबीसीच्या मालिकेत पहिली एलिझाबेथ राणी. ते ऑस्करचे पुतळे तिने आईला दिले. आईने ते घासून घासून असे लख्ख केले की वरचा मुलामाच उडाला, असं ग्लेंडा सांगायची. लोक या आठवणीवर हसतात. मला त्यात हसण्यासारखं कमी दिसतं. लोकांच्या घरची पितळ-चांदी घासण्यात जिचं आयुष्य गेलं, तिच्या हाताला मुलाम्याचं सोनं टिकणार कसं?

तेव्हा शाळा, दवाखाना, भत्ता, शिष्यवृत्ती, अनुदान अशा पाच गोष्टी, आणि त्यांच्यामागे आईचं न मोजलेलं काम. यावर जिद्द उभी राहिली. हे वगळून 'बघा, ठरवलं तर काय होत नाही' असं सांगणं म्हणजे ज्या मुलींना हे काहीच मिळालं नाही त्यांना 'तुम्ही ठरवलं नाही' असं सुनावणं आहे.

आता मार्गारेट थॅचर. या बाईलाही 'वाण्याची मुलगी' म्हणून सांगितलं जातं, आणि तिनेही ते भरपूर सांगितलं. देशाचं बजेट म्हणजे घरखर्चच, कोणत्याही गृहिणीला कळतं, हा तिचा आवडता दाखला. बायकांना ही भाषा आपली वाटली, यात नवल नाही. पण गृहिणीची पिशवी दाखवून बाईने काय केलं? शिक्षणमंत्री असताना १९७१ साली सात वर्षांवरच्या मुलांचं शाळेतलं फुकट दूध बंद केलं. पंतप्रधान असताना मुलांसाठी आईला मिळणारा भत्ता, म्हणजे रॅथबोनच्या पाच शिलिंगांचाच वारसा, १९८७ नंतर वर्षानुवर्षं गोठवून ठेवला. महागाई वाढत गेली, रक्कम तीच. १९९० साली विद्यार्थ्यांचं अनुदान गोठवून त्याजागी कर्ज आणलं. कुठल्या घरातली शहाणी गृहिणी आधी पोरांचं दूध तोडते?

आणि बायकांचं प्रतिनिधित्व? १९७९ साली ती पंतप्रधान झाली त्या निवडणुकीत ६३५ खासदारांत बायका होत्या १९. साडेअकरा वर्षं ती सत्तेवर होती. एवढ्या काळात मंत्रिमंडळात तिने नेमलेली बाई एकच: बॅरोनेस यंग, तीही दोन वर्षांपुरती. दार उघडून आत गेली आणि आतून कडी लावली.

ग्लेंडा १९९२ च्या निवडणुकीत हॅम्पस्टेड आणि हायगेटमधून निवडून आली. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. थॅचर गेली होती, तिचं धोरण जागेवर होतं. मग ८ एप्रिल २०१३ ला थॅचर वारली आणि १० तारखेला संसदेचं श्रद्धांजलीचं खास अधिवेशन भरलं. अशा वेळी दोन बरे शब्द बोलून खाली बसायचं असतं. ग्लेंडा उभी राहिली आणि तिने आठवण करून दिली ती दुकानांच्या दारांत झोपलेल्या माणसांची, चिकटपट्ट्यांनी जोडलेल्या शाळेच्या पुस्तकांची, गळक्या रुग्णालयांची. हाव आणि स्वार्थ यांना या काळात सद्गुण म्हणून मिरवलं गेलं, असं ती म्हणाली. हुजूर पक्षाच्या बाकांवरून आरडाओरडा झाला, एकाने हरकतीचा मुद्दाही काढला. भाषणात संसदीय रीतीला सोडून काही नाही, असा निर्वाळा सभापतींनी दिला.

त्या भाषणाच्या शेवटी जे आलं ते आपल्या कामाचं आहे. आधीच्या वक्त्यांनी पहिली बाई पंतप्रधान म्हणून गौरव केला होता. त्यावर तिचं म्हणणं असं: मी बायकांनी वाढवलेल्या पिढीतली आहे. पुरुष लढाईवर गेले होते. त्या बायकांनी नुसतं सरकार नव्हे, देश चालवला. कारखाने चालवले, बॉम्ब पडल्यावर आगी विझवल्या. त्यांना विचाराल तर बाईपणाचा आदर्श म्हणून त्या थॅचरकडे बोट दाखवणार नाहीत. लिंगाने स्त्री असलेली पहिली पंतप्रधान, हे ठीक. पण माझ्या हिशेबाने बाई? नाही.

यावर टीका झाली. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का, ही एक. आणि दुसरी अर्थातच, बाईच बाईची वैरीण. या दुसऱ्या वाक्याशी आपली जुनी ओळख आहे. हुंड्याच्या प्रकरणात सासूकडे बोट दाखवायला जे वाक्य वापरतात, तेच सत्तेतल्या बाईला जाब विचारणाऱ्या बाईवर उगारतात. दोन पुरुष पुढारी एकमेकांवर तुटून पडले तर त्याला राजकारण म्हणतात. दोन बायकांत धोरणावरून मतभेद झाला की ती भाऊबंदकी! ग्लेंडाने थॅचरच्या कपड्यांवर, आवाजावर, संसारावर एक शब्द काढला नव्हता. तिने हिशेब मागितला. तोही आई-आजीच्या बाजूने.

मी तिच्या सगळ्या बोलण्याशी सहमत नाही. 'ही बाईच नव्हे' असं म्हणण्यात धोका आहे. कोण खरी बाई हे ठरवण्याचा अधिकार आजवर पुरुषांनी आपल्यावर गाजवला. तो आपण एकमेकींवर गाजवू नये. थॅचर बाई होती, आणि तरीही तिने हे केलं, हेच आपण म्हटलं पाहिजे. ते जास्त बोचतं, आणि जास्त खरंही आहे. कारण मग प्रश्न उरतो तो बाई असण्याचा नाही, ती कोणाच्या बाजूने उभी आहे याचा.

हाच प्रश्न ग्लेंडालाही लावू या. देव्हारे मांडायची आपल्याला सवय नको. १९९७ साली मजूर पक्ष सत्तेवर आला, पक्षाने काही मतदारसंघ फक्त बाई उमेदवारांसाठी ठेवले होते म्हणून संसदेतल्या बायका ६० वरून १२० झाल्या, आणि ग्लेंडा वाहतूक खात्याची कनिष्ठ मंत्री झाली. त्याच सरकारने त्याच डिसेंबरात एकट्या आयांना मिळणारा जादा भत्ता कापला. ते विधेयक एका बाई मंत्र्यानेच मांडलं. ४७ मजूर खासदारांनी विरोधात मत दिलं. पुढच्या वर्षी त्याच सरकारने विद्यापीठांत फी आणली आणि विद्यार्थ्यांचं उरलंसुरलं अनुदान मोडीत काढलं. ज्या शिडीने ग्लेंडा वर आली तिची शेवटची पायरी तिच्याच पक्षाने काढली, आणि ती १९९९ पर्यंत त्या सरकारात राहिली. २००३ साली इराकच्या युद्धाविरुद्ध ती स्वतःच्या पंतप्रधानांशी उघड भांडली. तेव्हा ती मंत्री नव्हती. सत्तेच्या खुर्चीत बसल्यावर आवाज किती खाली येतो याचं हेही एक उदाहरण. थॅचर आणि ग्लेंडा एका मापाच्या नव्हेत. पण माप दोघींना एकच हवं.

२०१५ साली तिने संसद सोडली आणि ऐंशीव्या वर्षी पुन्हा रंगमंचावर आली ती 'किंग लिअर' म्हणून, म्हणजे पुरुषाच्या भूमिकेत. कौतुक पुष्कळ झालं. पण एवढ्या ताकदीच्या म्हाताऱ्या नटीला म्हाताऱ्या राजाचीच भूमिका का घ्यावी लागली? कारण नाटकाचा गाडा ओढणारी म्हातारी बाई लिहिणारे नाटककार हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. आजच्या लेखकांना बायका इतक्या कंटाळवाण्या का वाटतात, असा सवाल ती वर्षानुवर्षं करत आली. २०१८ साली तिला न्यूयॉर्कमध्ये टोनी पुरस्कार मिळाला तो 'थ्री टॉल विमेन'साठी. तिथे एका मरणपंथाला लागलेल्या बाईचं आयुष्य मध्यभागी आहे. २०१९ साली टीव्हीवर तिने स्मृतिभ्रंश झालेल्या म्हातारीचं काम केलं. म्हाताऱ्या माणसांची काळजी कोण घेणार, हा प्रश्न समाज टाळतो, असं ती त्या वेळच्या मुलाखतींतून सांगत होती. जोनच्या न मोजलेल्या कामाचाच तो पुढचा अंक आहे.

तर मैत्रिणींनो, आपल्या गटांसाठी यातून दोन कामं निघतात. एक: कोणत्याही यशस्वी बाईची गोष्ट आपल्या अंकात, शिबिरात, भाषणात सांगताना तिच्या आईचं काम नावानिशी सांगायचं, आणि कोणता कायदा, कोणती फीमाफी, कोणता भत्ता तिच्या वाट्याला आला तेही सांगायचं. ते सांगता येत नसेल तर ती गोष्ट प्रेरणा म्हणून वापरायची नाही. दोन: 'पहिली महिला' म्हणून कोणाचाही सत्कार करण्याआधी एक साधा कागद करायचा. तिच्या कारकिर्दीत आईच्या हातात पडणारा पैसा वाढला की घटला? मुलींच्या शिक्षणाचा खर्च कोणावर पडला? तिच्यामागून किती बायका आत आल्या? या तीन उत्तरांवर हार घालायचा की निवेदन द्यायचं ते ठरवावं. आपल्याकडे निम्म्या जागांवर बायका बसल्या आहेत त्या ग्रामपंचायतींतसुद्धा हा कागद चालेल.

जागा मिळवण्यासाठी आपण भांडलो, आणि यापुढेही भांडू. पण जागेवर बसलेल्या बाईला जाब विचारण्याचा हक्क आपण त्या भांडणात कुठेही गहाण टाकलेला नाही.